सतरावाली

खोली बघायला गेले तेव्हा काकूंनी माझं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. त्या सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर काळी दगडी पाटी होती, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती.

"मॅडम, काय शिकवतेस कॉलेजात?"

"गणित."

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "मंग सांग, एकशे अकराले कोन भागते?"

"तीन," मी म्हणाले.

"आन्?"

मी मनात भागायला लागले.

"सदतीस. अर्धंच उत्तर देऊन कायले थांबतेस? खोली मागच्या बाजूनं आहे. पानी सकाळी सहाले येते."

मला एम.एस्सी.ला पहिला वर्ग होता. विद्यापीठातल्या तोंडी परीक्षेतही माझी इतकी फजिती झाली नव्हती. साताऱ्याकडची मी, अर्जुनी मोरगावला ज्युनिअर कॉलेजात नेमणूक मिळाली म्हणून आले होते. इथं धान, तलाव आणि दोन प्रहरी स्टेशनात थांबणारी गाडी यापलीकडे काही नाही, असं मला निघताना सांगितलं होतं. सांगणाऱ्यानं काकूंना पाहिलेलं नव्हतं.

त्या मला मॅडम म्हणत आणि तू म्हणत. "मॅडम, जेवलीस का?" "मॅडम, तुझी ओढनी दोरीवरून पडली." हे त्यांना अजिबात विचित्र वाटायचं नाही. अंगानं बारीक, केस पांढरेशुभ्र, पायाच्या बोटांच्या बेचक्या भातलावणीच्या, इथल्या भाषेत रोवणीच्या, चिखलानं कायमच्या फाटलेल्या. घराणं जुनं, बापजाद्यांनी तलाव खोदलेले. नवरा वारलेला, एक मुलगा नागपूरला नोकरीत. वय विचारलं तर म्हणायच्या, "एकसष्ट. कशानंच भागत नाई." पुढच्या वर्षी विचारलं तेव्हा तोंड वाकडं करून म्हणाल्या, "बासष्ट. हे वर्स बेकार."

दुपारची भांडी झाली की त्या सपरीत बसत आणि दहा भागाकार करत. नऊ नाही, अकरा नाही. पाटीवर पेन्सिलनं करायचे, भाजक आणि बाकी तेवढी वहीत लिहायची, मग खांबाला टांगलेल्या ओल्या फडक्यानं पाटी पुसायची. रोवणीचे आणि कापणीचे दिवस सोडले तर हे चुकत नसे. आणि भाज्य रोज एकच: एकापुढं एक लिहिलेले सतरा एक. १११११११११११११११११. या आकड्याला त्या 'सतरावाली' म्हणत. गावानं मग हेच नाव त्यांनाही लावलं. किराणा दुकानात "सतरावालीकडं भाड्यानं राहते" असं सांगितलं की माझी ओळख पटायची. त्यांना राग येत नसे. "लोकं नवऱ्याच्या नावानं ओळखतात, पोराच्या नावानं ओळखतात," त्या म्हणत. "मले माझ्या कामानं ओळखतात. बरं आहे ना?"

हे खूळ सातवीतलं. शाळेत मूळ संख्या शिकवल्या, कशानंच न भागणाऱ्या. अकरा भागत नाही हे गुरुजींनी सांगितलं. काकूंनी घरी जाऊन एकशे अकरा भागून पाहिले, मग अकराशे अकरा, मग पाच एक. पाच एकांना महिना लागला. एक्केचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. वर्गात उठून सांगितलं तर गुरुजी म्हणाले, "हे कोणी विचारलं होतं?" आणि छडी मारली. पुढच्या वर्षी लग्न झालं. सासरी सासू होती तोवर पाटी चुलीमागं लपवलेली. सासू गेली, तेराव्याची पंगत उठली, पाहुणे परतले आणि दुसऱ्या दिवशी काकू पाटी घेऊन भर सपरीत रस्त्याकडं तोंड करून बसल्या. तेव्हा त्यांचं वय पंचावन्न होतं. लपूनछपून त्यांनी तोवर तेरा एकांपर्यंत मजल मारलीच होती. सहा, आठ, नऊ असे एक असले की काही कष्ट नाहीत, छोट्या आकड्यांचे भाजक तिथं आपसूक चालतात, हे त्यांचं त्यांनीच ताडलं होतं. खरी झुंज सात, अकरा, तेरा, सतराशी.

एकदा मी शेजारी बसून वही चाळत होते. लक्षात आलं की त्या वाटेल त्या आकड्यानं भागत नाहीत. मधले आकडेच्या आकडे सोडलेले.

"काकू, हे कसे निवडता?"

"चौतीसनं भागल्यावर एक उरते तेच घेतो."

आमच्याकडं बायका 'घेते' म्हणतात, इथल्या 'घेतो' म्हणतात. पण मी दचकले ते वेगळ्याच कारणानं. "चौतीसच का?"

"सात एकांचे भाजक पाह्य. दोनशे एकोनचाळीस आन् चार हजार सहाशे एकोनपन्नास. दोन्हीले चौदानं भाग, एक उरते. अकरावालीचे दोन्ही बावीसनं भाग, एक उरते. तेरावालीचे सव्वीसनं. दुप्पट घ्याची, एक उरते. सतराची दुप्पट किती?"

मी हे एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी सिद्धतेसकट शिकले होते. तिथं त्याला फळा भरून चिन्हं लागली होती. काकूंनी ते चुलीमागं बसून, नुसतं बघून काढलं होतं. त्या आकड्यांतूनही तीन, पाच, सात, अकरा, तेरानं जाणारे गाळायचे आणि उरलेल्यांनी सतरावालीला भागायचं, एकशे तीनपासून चढत. मी राहायला गेले तेव्हा सहा वर्षं झाली होती, चौथी वही चालू होती आणि त्या चौदा लाखांच्या आसपास होत्या.

दोन महिन्यांनी मी ती चूक केली. माया वाटली म्हणून केली. खोलीत जाऊन मोबाइलवर सतरा वेळा एक दाबला. पापणी लवायच्या आत दोन आकडे आले. मी तशीच चप्पल न घालता सपरीत धावले.

"काकू, उत्तर सापडलं! ती भाग..."

"गप!"

त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. "एक अक्षर बोलशील तर आजच्या आज खोली खाली कर."

"पण काकू, सहा वर्षं तुम्ही..."

"मी विचारलं का तुले?"

"नाही."

"मंग कायले सांगून राहिली? उपाशी मानसाले कोनी ताट वाढलं तर तो जेवन. मी उपाशी नाई, मॅडम. मी रांधून राहिली."

पण जे कळलं ते कसं पुसणार? लहान भाजक मला त्या क्षणी पाठ झाला: वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. म्हणजे काकू वाटेवर होत्या. मी खोलीत जाऊन हिशोब केला. रोज दहा, रोवणी-कापणी वगळून. साधारण तीन वर्षं.

त्यांना मात्र यातलं काही माहीत नव्हतं. त्यांचा हिशोब निराळा होता. भाजक जोडीनं येतात, जोडीतला लहान जास्तीत जास्त दहा कोटी चोपन्न लाखांचा असू शकतो, तिथपर्यंत कोणी भेटला नाही तर सतरावाली भागत नाही असं ठरेल. हे त्यांनी मला बोटांवर मोजत सांगितलं. मी विचारलं, "तिथपर्यंत पोचायला किती दिवस?"

"साडेचारशे वर्सं."

"आणि तरी करताय?"

"आमच्या घरान्यानं तलाव खोदले, मॅडम. ज्यानं पहिली कुदळ मारली त्यानं भरलेला तलाव पाह्यला का? मी मरन. वह्या राहतीन. एकशे तीनपासून मी कुठवर आली ते लिहिलेलं आहे. पुढचं कोनी करन, नाई तर नाई करन."

चिडलेल्या नव्हत्या. पेन्सिलीला टोक करत होत्या.

एकदा आमच्या कॉलेजात गणिताचं प्रदर्शन होतं. मी काकूंना आग्रहानं नेलं. गोंदियाला क्लास चालवणारे एक सर पाहुणे होते. ते अर्धं हिंदी, अर्धं मराठी असं फर्डं बोलत होते. "बच्चों, आजच्या जमान्यात हातानं आकडेमोड करणं म्हणजे टाइम वेस्ट. मशीन एका सेकंदात करते." शेवटच्या रांगेतून काकू उठल्या.

"सर, तुमच्याजवळ गाडी आहे का?"

"जी, आहे."

"सकाळी फिरायले जाता का?"

"रोज. पाच किलोमीटर."

"पायी?"

सर हसले. "पायीच."

"गाडी असून पायी कायले जाता? एका मिन्टात होऊन जाईन ना."

पोरांनी बाकं वाजवली. सरांनीही हसून टाळ्या वाजवल्या, पण प्राचार्यांचा चेहरा आंबट झाला. ही गोष्ट फिरत फिरत नागपूरला काकूंच्या मुलाकडं पोचली, ती अशी, की तुझी आई कॉलेजात जाऊन पाहुण्यांशी भांडली. त्याच्या मनात ते साठत गेलं.

तीन वर्षं मी त्या वह्यांचे आकडे बघत राहिले. अठरा लाख. एकोणीस लाख. वीस लाखांच्या पुढं गेल्या तेव्हा माझं चित्त ठिकाणावर राहीना. मुलांना त्रिकोणमिती शिकवताना मनात मी काकूंचे आकडे मोजायची. शेवटी एक सोमवार असा आला की त्या दिवशीच्या दहांत तो आकडा येणार हे नक्की होतं. मी कॉलेजातून निघताना पेढे घेतले आणि पर्समध्ये लपवले. ठरवलं होतं, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. त्या सांगतील तेव्हाच पहिल्यांदा ऐकल्यासारखं करायचं.

फाटकातूनच आवाज ऐकू आले. मुलगा आला होता.

"आई, लोक हसून राहिले. माझ्या ऑफिसातल्यालेही माहीत झालं. नागपूरले चल, डॉक्टरले दाखवू."

"कायचा डॉक्टर?"

"एकच आकडा नऊ वर्सं भागणं, हे ठीक लक्षण नाही."

"तू नऊ वर्सं एकाच खुर्चीवर बसून राहिला, तुले कोनी डॉक्टरकडं नेलं का?"

तो तापला. खिशातून फोन काढला. "थांब. हे बघ, आत्ताच्या आत्ता खेळ खलास करतो. सतरा एक ना?"

मी धावत सपरीत चढले. "सांगू नका! दादा, प्लीज, सांगू नका."

काकूंनी मला हातानं बाजूला केलं. मुलासमोर उभ्या राहिल्या. "सांग. सांगायचं तर सांग. पन सांगितल्यावर ह्या घरात पाय ठेवू नको. मी तुझ्या बापाच्या नावानं सांगून राहिली."

तो फोन हातात धरून उभा राहिला. मग फोन खिशात टाकला, बॅग उचलली आणि स्टेशनाकडं चालायला लागला. ताट वाढलेलं होतं, ते तसंच राहिलं.

काकूंनी ताट झाकलं. पाटी घेतली. मी म्हणाले, "आज राहू द्या." त्यांनी ऐकलं नाही. पाटीवरचे आकडे वाकडे पडत होते. मला बघवेना, मी खोलीत गेले. तासाभरानं फडकं पाण्यात बुडवल्याचा आवाज आला. काकूंनी काही हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पाणी भरायला गेल्यावर मी वही उघडली. २०७१७२३. समोर बाकी: ८१३४०६.

पाटी पुसलेली. कुठं चुकलं ते बघायलाही काही उरलं नव्हतं. आणि त्या आज त्याच्यापुढचे दहा करणार होत्या, उद्या आणखी दहा, आणि आता दहा कोटींपर्यंत त्यांना कोणीच भेटणार नव्हतं. मरेपर्यंत.

चार दिवस मी गप्प राहिले. पाचव्या दिवशी धीर सुटला. त्या पाटी घेऊन बसल्या तेव्हा म्हणाले, "काकू, सोमवारचे दहा परत करता का?"

"काऊन?"

"त्या दिवशी तुमचं मन थाऱ्यावर नव्हतं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना फसवणं मला कधीच जमलं नव्हतं. "त्या दहात आहे का?"

मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. डोळे मात्र भरून आले.

"तू सांगून टाकलंस," त्या हळूच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तीन वर्सं झाकून ठेवलंस, आन् आता सांगून टाकलंस."

"काकू, फक्त दहा भागाकार. एका दुपारचं काम आहे."

"ते दहा मी करनार नाई."

पाटी भिंतीवर खिळ्याला गेली. रोवणी सुरू झाली होती. त्या पहाटे बांधीत, धानाच्या शेतात, जायच्या, संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरून परत यायच्या, माझ्याशी पाण्यापुरतंही बोलायच्या नाहीत. तीन आठवडे मी त्या घरात चोरासारखी राहिले. रोवणी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या बाजारातून वह्यांचा एक गठ्ठा घेऊन आल्या. पाटी उतरवली, धुतली. वहीच्या पहिल्या ओळीवर लिहिलं: १०३.

"हे काय?" मी ओरडलेच. "पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"काकू, हा निव्वळ हट्ट आहे! तुम्ही चौसष्ट वर्षांच्या आहात!"

"मले माहीत आहे. चौसष्ट दोननं किती बी वेळा भागते." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "ऐक. एक चूक झाली ना? ती एकच झाली हे तुले कोनं सांगतलं? मांगच्या वह्यांत अजून कुठं बसून असन तर? तू म्हनतेस तो सगळ्यात लहान आहे, हे मले कोन सांगन? तुझा फोन?"

"हो."

"फोनले मी ओळखत नाई." आणि मग म्हणाल्या, "मी पहिले ताळा करत होती. नवाचा ताळा. मंग घमेंड चढली का आपला हात बसला म्हनून, सोडून देला. चूक सोमवारची नाई, मॅडम. चूक तवाची आहे."

मला ते पटलं नव्हतं. मी फणकाऱ्यानं खोलीत निघून गेले.

त्या आता रोज पंचवीस करू लागल्या, प्रत्येकाचा ताळा घेऊन. भागाकार, बाकी, अंकांची बेरीज, जुळलं की वहीत टिंब. पहाटे पाच, दुपारी पंधरा, दिवेलागणीच्या आधी पाच. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी पंधरा दिवस वाचायला बंदी केली. त्यांनी ते पंधरा दिवस डोळे मिटून, तोंडानं पुढचे भाजक गाळून ठेवले, म्हणजे नंतर वेळ वाया जायला नको. मुलगा दिवाळीला येऊन गेला. नागपूरचं नाव त्यानं काढलं नाही, आकड्याचंही काढलं नाही. जाताना चष्म्याची नवी फ्रेम ठेवून गेला.

मधेच माझी बदली गोंदियाला झाली. निघताना त्या म्हणाल्या, "रविवारी फोन करीन." आणि करत राहिल्या. फोन उचलला की खुशाली नाही, नमस्कार नाही. "तीन लाख चाळीस हजार," असं म्हणून सुरुवात. मग धान कसं आहे, तलावात पाणी किती आहे, आणि मी जेवते का.

असाच एक रविवार. मी गोंदियाच्या बाजारात भाजी घेत होते.

"सापडली," काकू म्हणाल्या.

"काय सापडलं?"

"चूक. जुन्या दुसऱ्या वहीत. बाकी चुकलेली होती. शून्य नाई, पन चुकलेली."

पुढच्या काही महिन्यांत तशा आणखी तीन सापडल्या. चौथीच्या रविवारीही मी बाजारातच होते; त्या म्हणाल्या, "चार झाल्या. मी हट्ट करून राहिली होती ना?"

"मी चुकले, काकू."

"ऐकू नाई आलं. जोरात सांग."

"मी चुकले!" मी भर बाजारात ओरडले. भाजीवाली हातातली तागडी तशीच धरून माझ्याकडं बघत राहिली. "दीदी, किसको बोल रही हो?" पलीकडं काकू हसत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं खदखदून हसताना कधी ऐकलं नव्हतं.

मग एका बुधवारी फोन आला. रविवार नसताना. आकडा सांगितला नाही. "येत्या रविवारी ये. पोऱ्यालेही बोलावलं."

घरी पोचले तर मुलगा आधीच सपरीत बसलेला. काकूंनी मला वही दाखवली. २०७१७२३. बाकी ०. पुढं टिंब. त्याच्या खाली नेहमीसारखे पुढचे आकडे आणि त्यांच्या बाक्या.

"हे खालचे?"

"मंगळवारी भेटला. पंचविसातला अकरावा होता. चौदा बाकी होते, ते कोन करन?"

त्यांनी मुलापुढं कागद ठेवला. त्यावर दोन आकडे होते. २०७१७२३ आणि ५३६३२२२३५७.

"गुन."

त्याचा हात सवयीनं खिशाकडं गेला. काकूंनी तळहात पुढं केला. त्यानं फोन काढून त्यांच्या हातावर ठेवला, त्यांनी तो धान मोजायच्या पायलीत टाकला. मुलगा वाकून लिहू लागला. हातानं गुणाकार करून त्याला किती वर्षं झाली असतील कोण जाणे. ओळीखाली ओळ, एक एक घर सरकवत. सहा ओळी झाल्या, शून्याची सोडून. मग बेरीज. उजवीकडून एक. एक. एक. एक. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. नवव्या घरात तीन आले.

"आई, जुळत नाही."

काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही. "परत कर."

त्यानं कागद उलटा केला आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी सावकाश, हातचे वर लिहून. रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला. बेरीज डावीकडं सरकत गेली आणि एकामागून एक, एकामागून एक, ओळ कागदाच्या कडेपर्यंत भरली. त्यानं बोटानं मोजलं. पुन्हा मोजलं. सतरा.

"आई," तो म्हणाला. त्यानं पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवलं. "आन् हा एवढा मोठा? हा अजून भागत असन तर?"

"नाई भागत."

"कशावरून?"

काकूंनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि नव्या वह्यांच्या चळतीवर हात ठेवला. "त्याले कोनी भागत असतं तर त्यानं सतरावालीलेही भागलं असतं का नाई? मंग मले तो ह्या वह्यांत आधीच भेटला असता. एकाएकाले विचारून झालं. दोन दोनदा विचारून झालं. कोनीच नाई."

मी त्या वह्यांकडं पाहिलं. पानामागून पान, हजारो ओळी, हजारो बाक्या, एकही उपयोगाची नाही असं ज्यांच्याबद्दल मी आणि त्यानं आणि सगळ्या गावानं मानलं होतं. त्यांच्याच जोरावर ही बाई छातीठोकपणे सांगत होती की पाचशे छत्तीस कोटींचा हा आकडा कोणाच्या बापाला भागणार नाही. मी गणिताची शिक्षिका. राहवलं नाही म्हणून म्हणाले, "काकू, खरं तर त्याच्या जोडीतला लहान त्र्याहत्तर हजारांच्या आतच असता, पहिल्या वहीची सुरुवातच पुरे होती."

"ते आता समजून राहिलं ना? करन्याच्या आधी समजलं असतं का?"

मुलगा हसला. मग मीही. त्यानं दोन्ही कागद घडी करून पाकिटात ठेवले, चुकलेला गुणाकार त्यातच होता.

"आता काय करशील, आई?"

"आता एकोनीस. अठरा दोननं जाते, त्याचं काही नाई. एकोनीसची दुप्पट अडतीस."

मी झटकन अंगणाकडं तोंड फिरवलं. एकोणीस एकांना कोणीच भागत नाही हे मला माहीत होतं. मुलानंही माझ्याकडं पाहिलं. आता त्यालाही कळलं असावं, निदान शंका तरी आली असावी.

"आई," तो जपून म्हणाला, "आन् ती भागतच नसन तर?"

"तर नाई भागत. पन नाई भागत हेही कोनी तरी भागूनच सांगा लागते ना!" त्या उठल्या, खांबावरचं फडकं ओलं करून पाटी स्वच्छ पुसली. "भात झाकून ठेवला आहे, लाखोरीची दाळ आहे. तुमी दोघं जेवून घ्या."

आम्ही आत गेलो नाही. दारातच उभे राहिलो. काकूंनी नवी फ्रेम नाकावर नीट बसवली, पाटीवर एकोणीस एक लिहिले आणि बाजूला पहिला भाजक मांडला: १९१. पेन्सिल करकरत राहिली. बाकी उरली. ताळा घेतला, वहीत टिंब दिलं.

मग २२९.